खिडकीतली बाळंतीण

मुलुंडला काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले तेव्हा त्यांनी मला बऱ्याच गोष्टी बजावल्या होत्या, पण खिडकीबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. आणि मग ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात एके दिवशी ऑफिसातून घामाघूम होऊन आले, तर माझ्या खोलीच्या खिडकीची कडी सुतळीने बांधून टाकलेली.

"उघडायची नाही," काकू म्हणाल्या. "बाळंतीण आहे."

बाळंतीण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कोळ्याची मादी. आवारातल्या आंब्याची एक फांदी माझ्या खिडकीला टेकली होती. तिच्यावरच्या एका पानावर या बाईने पांढऱ्या रेशमाचं छप्पर विणून आत अंडी घातली होती. आमच्या जुन्या बिल्डिंगची तावदानं बाहेरच्या बाजूला उघडायची. तावदान उघडलं की फांदी हलणार, आणि फांदी हलली की बाई बिथरणार, असं काकूंचं म्हणणं. मी म्हटलं, "काकू, वाऱ्यानेही हलतेच की फांदी."

"वाऱ्याची तिला सवय आहे. तुझी नाही."

अशा बाईशी वाद कसा घालणार? तो महिना मी टेबलफॅनसमोर ओला टॉवेल खांद्यावर घेऊन काढला.

काकू साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून त्या खाली भाजीवाल्याशी फोन न लावता बोलत. मूळ कणकवलीकडच्या. सासरे गिरणीत होते. नवरा लवकर गेला तेव्हा काकूंनी पुढच्या खोलीत चार खुर्च्या टाकून वधूवर सूचक केंद्र काढलं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यातल्या कोकणातल्या किती घरांची लग्नं त्यांनी जुळवली असतील, देव जाणे. माझ्या आत्याचं त्यांनीच जुळवलेलं. म्हणून तर आईने मला डोळे मिटून त्यांच्याकडे पाठवलं.

तीस-एक वर्षं तोच धंदा केल्यामुळे काकूंच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट स्थळ होती. दुधी भोपळा हातात घेऊन त्या म्हणत, "दिसायला बरा आहे, पण वय लपवलंय." मी नोकरी बदलायची म्हणाले तेव्हा पगाराचं राहू दे, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरची माणसं कशी आहेत?" मी म्हटलं, काकू, ती कंपनी आहे. "मग कंपनीला घरची माणसं नसतात?" खरं सांगायचं तर त्या नव्या कंपनीतल्या माणसांनी मला इतका ताप दिला की हा प्रश्न पुढे मला अनेकदा आठवला. पण ते मी काकूंना कधीच सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी आयुष्यभर ऐकवलं असतं.

पत्रिका त्या वरवर बघत. त्यांचा सगळा भर गावावर. गाव कुठलं, वाडी कुठली, पाणी कुठल्या विहिरीचं. एका वाडीतली दोन घरं म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्धं लग्न लागल्यातच जमा. "माणसं एका पाण्यावर वाढलेली असली की फार बोलावं लागत नाही," असं त्या म्हणत. स्वतः मात्र बोलायच्या थांबत नसत.

कोळ्यांचं वेड लागलं ते म्हणे एका कार्यक्रमात. मुलगा-मुलगी समोरासमोर बसलेले, पोहे आलेले, आणि मुलाच्या आईच्या बशीवर एक काळी मुंगी. त्या बाईंनी बोटाने उडवली. मुंगी खाली पडायच्या ऐवजी बशीच्या काठापासून धाग्याला लोंबकळायला लागली. मुंगी धाग्याला लोंबकळत नसते. काकूंनी बशी उचलली ती सरळ गॅलरीत नेली आणि उजेडात धरून बसल्या. आत दोन्ही घरची मंडळी बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिली. ते लग्न जमलं नाही. काकूंना त्याचं काही विशेष वाटलं नाही, कारण तोवर केंद्राकडे फारसं कुणी फिरकतही नव्हतं. ते का, ते पुढे सांगते.

ती मुंगी म्हणजे मुंगीचं सोंग घेणारा कोळी होता. उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकीच, पण याची कंबर बारीक, चाल मुंगीची, आणि पुढचे दोन पाय हवेत धरून ते मुंगीच्या मिशांसारखे हलवायचे. मुंगीला पक्षी सहसा खात नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप. उष्ण प्रदेशात यांच्या कितीतरी जाती आहेत आणि त्या सगळ्यांचं मिळून एक नाव आहे, मिरमाराक्नी. शास्त्रात अशा जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. काकू त्याला कूळ म्हणायच्या. कूळ म्हटल्यावर पुढे काय होणार ते उघडच होतं.

ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. काकूंनी त्यांना कुठून गाठलं मला माहीत नाही, पण त्या बिचाऱ्या महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जात. त्यांनीच सहज बोलता बोलता सांगितलं की या कुळात नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की जोडी लावणं महाकठीण. नराचे जबडे लांबच लांब पुढे आलेले, मादीचे आखूड. त्यामुळे कित्येक जातींचा नुसता नर कुणीतरी नोंदवून ठेवलाय आणि मादी कोण ते माहीत नाही. कित्येकींची मादी आहे, नराचा पत्ता नाही.

काकूंनी कप खाली ठेवला. "म्हणजे पुस्तकात नुसते मुलगेच आणि नुसत्या मुलीच?"

"तसंच म्हणा."

"आणि तुम्ही लोक इतकी वर्षं करताय काय?"

त्या दिवसापासून काकूंचं केंद्र पुन्हा सुरू झालं.

आमच्या आंब्यावर त्यांना एक मादी सापडली, काळी, कमरेशी पांढरा पट्टा. त्याच फांदीवर एक नर, तांबूस, जबडे लांब आणि टोकाशी वळलेले. मॅडमनी दोघांनाही नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, परत आणून दिलं, आणि त्यांना नवलही वाटलं. मादी अशा जातीची होती जिचा नर माहीत नव्हता. नर अशा जातीचा होता ज्याची मादी माहीत नव्हती.

"झालं तर," काकू म्हणाल्या. "एकाच झाडावरची आहेत. ही दोन नावं नाहीतच, हा एक जोडा आहे."

"असं नुसतं म्हणून चालत नाही, काकू."

"माझी नजर आहे."

मग रीतसर कार्यक्रम झाला. काचेच्या बरणीत दोघांना सोडलं, आणि मला आंघोळीला जायचं असताना समोर बसवून ठेवलं, कारण मुलीकडचं कुणीतरी हवं. नराने जबडे उघडले, पाय वर केले, इकडून तिकडे सरकला. काकूंच्या चेहऱ्यावर लग्नघरातलं समाधान. मग मादी पुढे आली आणि क्षणात त्याच्या अंगावर गेली. तो कसाबसा धाग्यावरून निसटला. एक पाय मात्र बरणीतच राहिला.

"पहिल्या भेटीत होतं असं," काकू म्हणाल्या.

"पाय गेला त्याचा, काकू."

"सात आहेत ना अजून."

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर ताईंची गोष्ट कळली तेव्हा हसू आलं नाही.

ताई म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी. सांताक्रूझला एकट्याच भाड्याने राहायच्या, फिजिओथेरपिस्ट. त्यांचं लग्न अर्थातच काकूंनी जुळवलेलं, आपल्याच वाडीतल्या घरात. मुलगा वाईट नव्हता म्हणे. मारत नव्हता, पीत नव्हता. फक्त बोलायचा नाही. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की महिना महिना, दोन दोन महिने, घरात असून ताईंशी एक शब्द नाही. ताट समोर ठेवलं तर उठून बाहेर जेवायला जायचा. चार वर्षं ते सोसून ताई निघाल्या. आणि तेव्हापासून काकूंच्या केंद्राची वाट लागली. स्वतःच्या मुलीचं ज्या बाईला टिकवता आलं नाही, तिच्याकडे कोण येणार?

पण ताईंचा राग त्यासाठी नव्हता. काकू जिथे तिथे सांगत फिरायच्या, "स्थळ उत्तमच होतं." मावश्यांना, गावच्या मंडळींना, लिफ्टमध्ये भेटलेल्यांनासुद्धा. आणि मावश्या ते ताईंच्या तोंडावर फेकायच्या. तुझी आईच म्हणते स्थळ चांगलं होतं, म्हणजे तुलाच नांदता आलं नाही. ताईंनी आईला एकदा सांगितलं, "तुझं चुकलं एवढं म्हण, मी घरी येईन." काकू म्हणाल्या नाहीत. ताई आल्या नाहीत. दोन वर्षं होत आली होती.

या दोघींमध्ये पोस्टमन कोण? मी. ताई माझ्या फोनवर फोन करायच्या.

"आई काय करतेय?"

"कोळ्यांसाठी केळी सडवतायत."

"बीपीची गोळी घेतली का विचार. मी विचारलंय म्हणू नकोस."

मी काकूंना विचारायचे. काकू म्हणायच्या, "तिला सांग घेतली. मी सांगितलंय म्हणू नकोस." सकाळी आठला ऑफिसला निघायच्या घाईत हे नाटक. एकदा माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काकू, दोन शब्द आहेत. म्हणून टाका ना. काय जातंय तुमचं?"

काकू वाटाणे सोलत होत्या. हात थांबला नाही, पण आवाज खाली आला, जो एरवी कधी येत नसे.

"तुका काय कळता गो? मी एवढी घरं जुळवली. अजून त्यांच्याकडून पहिली आंब्याची पेटी येते, बारशाची बोलावणी येतात. उद्या मी म्हटलं की माझी नजर चुकली, तर त्यातल्या प्रत्येक बाईने काय समजायचं? नवऱ्याशी भांडण झालं की ती म्हणणार, त्या बाईची नजरच खोटी होती. माझ्या एका मुलीसाठी सगळ्यांचे संसार शंकेत टाकू?"

"पण मुलगी तुमची आहे."

"गप रव," काकू म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

म्हणजे त्या कोळ्यांच्या जोड्यात नुसते कोळी नव्हते. तो जोडा खरा ठरला तर काकूंची नजर शाबूत होती, मग ताईंचं स्थळही उत्तम होतं. मला हे कळलं तेव्हापासून मी मनातल्या मनात त्या बाळंतिणीच्या विरोधात गेले.

मॅडमनी सांगितलं होतं की बरणीतली ओळख पुरावा होत नाही. एका मादीची पिल्लं वाढवायची, त्यातून नर कसे निघतात ते बघायचं, तोच पुरावा. म्हणून ती मादी परत त्याच फांदीवर सोडली होती, तिने अंडी घातली, आणि म्हणून माझी खिडकी बंद.

दिवाळीआधी सोसायटीचं पेस्ट कंट्रोल ठरलं. सेक्रेटरी सांगायला आले तर काकू दारात आडव्या. "आमच्याकडे फवारणी करायची नाही. घरात बाळंतीण आहे." सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली मान घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने डिंकाचे लाडू पाठवले, आणि जिन्यात भेटल्या तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे का ते नीट बघून घेतलं. मी काकूंवर जी भडकले ती भडकलेच. "अख्ख्या बिल्डिंगला काय वाटत असेल माझ्याबद्दल?"

"लाडू बरे झालेत," काकू म्हणाल्या. "डिंक जरा कमी तळलाय."

आणि फवारणी न झाल्यामुळे खालच्या-वरच्या मजल्यांवरची सगळी झुरळं आमच्याकडे राहायला आली.

पिल्लं निघाली तेव्हा वाटलं, सुटले. पण पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. लग्नात सुका मेवा भरून वाटतात त्या पारदर्शक डब्या काकूंकडे पोत्याने होत्या. प्रत्येक डबीत एक पिल्लू, ओल्या कापसाचा बोळा, आणि खायला चिलटं. चिलटांसाठी सडकी केळी माझ्या खोलीत, कारण माझ्या खोलीत ऊब असते म्हणे. ऊब असणारच, खिडकी बंद. आता तरी उघडू का विचारलं, तर वाऱ्याने डब्या पडतील. माझ्या कपड्यांना, केसांना, ऑफिसच्या बॅगेला त्या केळ्यांचा वास यायचा. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मला शेवटी हळूच विचारलं, तू पितेस का गं?

काकू मात्र पहाटेपासून कामाला. प्रत्येक डबी उन्हात धरायची, चिलट सोडायचं, बोळा बदलायचा. कितीतरी पिल्लं मेली. मेलं की काकू ते डबीतून काढून आंब्याच्या मुळाशी टाकून यायच्या आणि तासभर कुणाशी बोलायच्या नाहीत. गावी एक जवळचं मयत झालं तरी त्या गेल्या नाहीत. "डब्या कोण बघणार?" मी बघेन म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत कधी म्हटलं नाही.

गंमत म्हणजे शेवटची कात टाकेपर्यंत यांच्यात मुलगा कोण, मुलगी कोण ते कळत नाही. सगळी सारखीच, आखूड जबड्यांची. लांब जबडे एकदम शेवटच्या कातीनंतरच बाहेर येतात. त्यामुळे डिसेंबर संपून जानेवारी लागला तरी निकाल नाही. त्याच महिन्याच्या शेवटी घरात एक लग्न होतं, ताईंच्या मावसबहिणीचं. ताईंच्या सासरची माणसंही येणार होती. ताईंनी मला फोनवर सांगून टाकलं की त्या येणार नाहीत. "तिथे जाऊन सगळ्यांच्या तोंडून आईचं वाक्य ऐकायचं का मी?"

मी काकूंना तसंच सांगितलं. काकू डबी उन्हात फिरवत राहिल्या.

रविवारी सकाळी मी अजून अंथरुणात होते. काकू माझ्या खोलीत होत्या, बहुधा बऱ्याच वेळापासून. हातात सोनाराकडची ती डोळ्याला लावायची काच. मला उठवून म्हणाल्या, "बघ गो. माझे डोळे गेलेत."

डबीच्या तळाशी सुकलेली कात पडली होती. वर एक नर उभा, नुकताच तयार झालेला. जबडे लांब होते, पण काळे, आणि काठीसारखे सरळ. तांबूस रंग कुठे नाही. टोकाला वळण नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला खरं तर खूश व्हायला हवं होतं.

"वेगळा आहे, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वाट बघू."

दुसरा दोन दिवसांनी निघाला. तसाच. तिसराही तसाच. पुढच्या रविवारी मॅडम आल्या आणि डबी उजेडात धरून अक्षरशः उभ्याच राहिल्या. "काकू, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? हिचा नर आजवर कुणीच पाहिला नव्हता. हा तिचा खरा नर. तुम्ही शोधलात."

"मी दुसराच दिला होता," काकू म्हणाल्या.

"तो दुसऱ्या कुणाचा तरी असेल. एकाच झाडावर राहतात, एकाच मुंगीची नक्कल करतात, एवढ्याने काही ती एकमेकांची होत नाहीत. ही चूक आमच्यात सगळेच करतात."

मॅडमनी ते सहज म्हटलं. त्यांना घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्या डब्या घेऊन आनंदात गेल्या. आणि काकू पुढच्या खोलीत, जिथे एवढी लग्नं जमली, त्याच खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसल्या. चहा नाही, नाश्ता नाही. दुपार व्हायला आली तरी तशाच. मी दोनदा ताट वाढू का विचारलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या फोनवरून लाव तिला."

काकू फोनवर नेहमी स्पीकर लावून, फोन तोंडासमोर धरूनच बोलत. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काय गं, बोल," ताईंना वाटलं मीच आहे.

"मी बोलतेय."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय. माझं चुकलं ते सांगायला केला."

"कशात चुकलं?"

"नर दुसराच निघाला."

मी कपाळाला हात लावला. ताईंचा आवाज थकला. "आई, तू कोळ्यांसाठी फोन केलास?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबतीतसुद्धा. दोन्ही घरं एका वाडीतली एवढंच मी बघितलं. मुलगा बघितलाच नाही. तू येऊन सांगत होतीस, तेव्हाही माझंच बरोबर म्हणून बसले. तुझी काही चूक नव्हती. लग्नाला ये. तिथे सगळ्यांसमोर बोलते मी हे. नाही आलीस तरी बोलणार आहे."

मग ताईंनी विचारलं, "जेवलीस का?"

जिच्याकडे प्रश्न संपायच्या आधी उत्तर तयार असायचं, ती बाई फोन तोंडासमोर धरून नुसती बसून राहिली. शेवटी मीच पुढे वाकून म्हटलं, "नाही, ताई. सकाळपासून काहीच खाल्लं नाहीये त्यांनी."

"तिला सांग, भात लावून ठेव," ताई म्हणाल्या. "मी खारदांड्याला उतरून बांगडे घेते आणि येतेच."